माळ्यावरचे टाळ आणि घरातला नेम

पुण्याहून एका ताईंनी मला मोठे आणि मनमोकळे पत्र पाठवले आहे. त्यांचे आजेसासरे माळकरी होते आणि आषाढी-कार्तिकी कधी चुकवत नसत. सासरे नोकरीनिमित्त शहरात आले, वारी सुटली आणि आजोबांची माळ देवघरातल्या डबीत राहिली. आता घरात ताई, त्यांचे यजमान, 12 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण आहेत. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. सासूबाईंना हरिपाठ तोंडपाठ आहे आणि त्या तो रोज तिन्हीसांजेला देवघरासमोर एकट्याच बसून म्हणतात. आजोबांच्या टाळांचे दोन जोड माळ्यावर पडून आहेत. ताईंना घरात श्रद्धेचे वळण हवे आहे, पण ते सणापुरते आणि फोटोपुरते नको. यजमान म्हणतात, ‘माझी हरकत नाही, पण मला ओढू नका.’ मुलगी विचारते, ‘हे सगळे खरे आहे का?’ आणि ताईंचा शेवटचा प्रश्न असा, की मुलांना माळ केव्हा घालावी.

मी फलटण तालुक्यात राहतो. 35 वर्षे कीर्तनाची सेवा करतो आणि त्यातली 28 वर्षे उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना हरिपाठ, टाळ आणि पावली, म्हणजे भजनाच्या ठेक्यावर टाकायची पावले, शिकवतो. या निमित्ताने ज्या घरांत मुलांना परंपरेची गोडी लागली ती घरे जवळून पाहिली आणि जिथे लागली नाही तीही पाहिली. त्या दुसऱ्या प्रकारात माझे स्वतःचे घरही काही वर्षे होते. त्याविषयी पुढे लिहितो. माझे उत्तर वारकरी घरापुरते आहे. इतर उपासनांच्या घरांना त्यातले किती लागू पडते, ते त्या त्या घरच्या जाणत्यांनी ठरवावे.

ताई, तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. सासूबाई रोज हरिपाठ म्हणतात. म्हणजे ज्या गोष्टीची सुरुवात कशी करावी असे तुम्ही विचारता, ती तुमच्या घरात रोज होते आहे आणि तुमच्यापैकी कोणी तिच्याशेजारी बसत नाही, एवढेच. घरात मोडलेली परंपरा पुन्हा उभी करणे अवघड असते. जी चालूच आहे तिच्यात जाऊन बसणे सोपे असते. तेव्हा नवे काही आरंभण्यापूर्वी एक आठवडाभर, ज्या दिवशी तुम्ही लवकर घरी याल त्या दिवशी, सासूबाईंच्या मागे चटई टाकून नुसत्या बसा. मुलांना बोलावू नका, तोंडाने काही म्हणू नका. सात वर्षांचा मुलगा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप येऊन मांडीवर बसेल, कारण आई मोबाइल न घेता दहा मिनिटे एका जागी बसलेली पाहणे हीच त्याच्या दृष्टीने नवलाची गोष्ट असेल.

आता नेमाविषयी. आमच्या संप्रदायात हा शब्द जपून वापरतात. आवड, इच्छा, हौस यांपेक्षा नेम वेगळा आहे, कारण ‘आज करावेसे वाटते का?’ हा प्रश्न एकदाच विचारून मिटवलेला असतो. म्हणूनच नेम घेताना तो लहान घ्यावा. मी पाहिलेली बहुतेक घरे इथेच चुकली आहेत. आषाढी एकादशीला भारावून जाऊन पूर्ण हरिपाठ, ज्ञानेश्वरीच्या रोज पन्नास ओव्या, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि संध्याकाळचा टीव्ही बंद, असे सगळे एकाच दिवशी ठरते. आणि ते गणपतीपर्यंत टिकत नाही. मग जे मोडले त्याची टोचणी राहते आणि त्या टोचणीपायी पुढची दोन-तीन वर्षे कोणी त्या विषयाला हात लावत नाही.

ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ 27 अभंगांचा आहे. चालीवर, टाळ धरून, घाई न करता म्हटला तर त्याला अर्धा तास सहज लागतो, अधिकही लागतो. नोकरी, शाळा आणि क्लास सांभाळणाऱ्या घराने पहिल्या दिवशी तो सगळा अंगावर घेऊ नये. पहिले दोन अभंग आणि शेवटी पसायदान, एवढाच नेम पहिल्या तीन महिन्यांसाठी ठेवा. त्याला दहा मिनिटांच्या वर वेळ लागत नाही. पुढे दर महिन्याला दोन अभंग वाढवत गेलात तर दीड वर्षाच्या आत पूर्ण हरिपाठ मुलांच्या तोंडी बसलेला असेल, आणि तो पाठ करायला बसवल्याचे त्यांना आठवणारही नाही.

वेळेचा प्रश्न शहरात वेगळा असतो. गावाकडे ‘दिवा लागला की’ असे म्हटले की सगळ्यांना वेळ कळते, पण दिवेलागणीला तुम्ही दोघेही बहुधा वाहतुकीत अडकलेले असता. घड्याळाची वेळ ठरवली तर ती आठवड्यातून तीनदा चुकते. म्हणून नेम घड्याळाला न बांधता रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला बांधावा. रात्रीची ताटे मांडण्यापूर्वीची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. भाजी झालेली असते, गॅस बंद करता येतो, भूक लागलेली असल्याने कोणी रेंगाळत नाही आणि पाठोपाठ सगळे एकत्र जेवायला बसतात. सासूबाईंची तिन्हीसांज मात्र बदलू नका. तो त्यांचा स्वतःचा नेम आहे. रात्रीच्या दहा मिनिटांसाठी त्यांना ‘आई, तुम्ही चाल धरा, आम्ही मागे म्हणतो’ अशी विनंती करा. इतकी वर्षे एकट्या म्हणणाऱ्या बाईला कोणी असे विचारल्यावर काय वाटते, ते तुम्हाला तिच्या आवाजावरून कळेल.

नेम कसा टिकतो, हे एका घरावरून सांगतो. आमच्या शेजारच्या गावात एक कुटुंब आहे. घरधनी दुधाचा टँकर चालवतात. कधी सहाला येतात, कधी नऊला. त्यांच्या घरी ठरलेले आहे, की जो घरी असेल त्याने म्हणायला सुरुवात करायची, कोणासाठी थांबायचे नाही आणि आलेल्याने मध्येच बसायचे. मी एकदा तिथे असताना चौथा अभंग चालू होता. बाहेर टँकर थांबल्याचा आवाज आला, हातपाय धुतल्याचा आवाज आला आणि पाचव्या अभंगाच्या मध्यावर दारातूनच एक जाड, थकलेला आवाज मुलांच्या आवाजात मिसळला. धाकट्या मुलीने मान वळवली नाही, पण तिचा टाळ मात्र एकदम जोरात वाजू लागला. त्या घरात परीक्षेच्या दिवशी एकच अभंग होतो, प्रवासात असतील तर एस.टी.मध्ये मनातल्या मनात होतो, पण बाद होत नाही. ‘आज राहू द्या’ हे तिथे कोणी म्हणत नाही, कारण कमी करण्याची मुभा आधीच दिलेली आहे.

शिकवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. मुलांना आधी पुस्तक देऊ नका, चाल द्या. ‘हरि मुखें म्हणा’ हे ध्रुपद प्रत्येक अभंगाला येते. लहान मुलाला सुरुवातीला तेवढेच म्हणू द्या आणि बाकीच्या वेळी टाळी वाजवू द्या. टाळी जमली की चिपळ्या आणि मग टाळ. टाळ हे दिसते तितके सोपे वाद्य नाही. नवशिका दोन्ही टाळ एकमेकांवर सपाट आपटतो. मग नाद कोंडतो आणि शेजारच्याचे कान बसतात. एक टाळ स्थिर धरून दुसऱ्याची कड त्यावर किंचित तिरपी उतरवायची आणि लगेच सोडायची, म्हणजे आवाज मोकळा होतो. हे मुलाला शब्दांत सांगून जमत नाही, त्याचे मनगट आपल्या हातात धरून दाखवावे लागते. आणि बापलेकांनी शेवटचे एकमेकांचे हात धरून काही केले त्याला किती दिवस झाले, हे त्या क्षणी पुष्कळांच्या लक्षात येते. फ्लॅटमध्ये राहता, तेव्हा रात्री नऊनंतर टाळ नको, टाळीच बरी. शेजाऱ्यांची झोपमोड करून होणारे भजन माउलींच्या खाती जमा होते असे मला वाटत नाही.

हरिपाठ संपल्यावरची एक गोष्ट पुष्कळ शहरी घरे गाळतात, आणि माझ्या मते घराचे वळण घडवण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. वारकरी भजन-कीर्तनानंतर एकमेकांच्या पाया पडतात. यात वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, मान पाहत नाहीत. सत्तर वर्षांचा विणेकरी सात वर्षांच्या मुलापुढे वाकतो आणि मूल त्याच्यापुढे वाकते. समोरच्याला ‘माउली’ म्हणायचे ते याच भावनेने. आपल्याकडे नमस्कार म्हणजे लहानाने मोठ्याला करायचा, एवढेच मुलांना माहीत असते. रोज रात्री बाप आपल्या मुलीच्या पायाला हात लावतो, सासू सुनेच्या पायाला हात लावते, हे ज्या घरात चालते तिथे भांडणे होत नाहीत असे नाही. पण दुपारचे भांडण रात्रीच्या त्या वाकण्यापर्यंत पोचते आणि बहुतेक वेळा तिथेच विरते. पहिले दोन-तीन आठवडे सगळे अवघडतील, मुलगी हसेल, सासूबाई ‘काहीतरीच काय’ म्हणत पाय मागे घेतील. तरी सोडू नका. मी ज्यांना ज्यांना हे करायला सांगितले त्यांतल्या पुष्कळ बायकांनी नंतर मला सांगितले, की बाकी काही राहिले तरी चालेल, पण एवढे राहिले पाहिजे.

एकादशीकडे वळतो. वर्षात 24 एकादश्या येतात, अधिक महिना असेल त्या वर्षी 26. जुन्या माळकरी घरांत दशमीच्या रात्री हलके जेवण, एकादशीला उपवास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नैवेद्य दाखवून बारस सोडणे, असा तीन दिवसांचा क्रम असतो. शहरातल्या घरांत या तीन दिवसांचा अर्थ अनेकदा असा होतो, की घरातली बाई तीन वेळा वेगळा स्वयंपाक करते. आदल्या रात्री साबुदाणा ती भिजवते, सकाळी डब्यासाठी पोळी-भाजी आणि उपवासासाठी खिचडी असे दोन्ही ती करते, बारशीला पहाटे उठून पुरणावरणाचे ती बघते आणि ऑफिसला तीच धावते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण खाणाऱ्यावरून वापरतो. स्वयंपाकघरातून पाहिले तर तिचा आणखी एक अर्थ निघतो. ज्या श्रद्धेचे ओझे एकाच माणसाच्या पाठीवर येते तिच्याविषयी मुलांच्या मनात, विशेषतः मुलींच्या मनात, गोडी राहत नाही. त्या बोलत नाहीत, पण सगळे बघत असतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा. महिन्यातली एकच एकादशी धरा. शुद्ध पक्षातली धरलीत तर आषाढी आणि कार्तिकी आपोआप तिच्यात येतात. त्या दिवशी सगळ्यांना एकच साधा पदार्थ ठेवा. भगर आणि दाण्याची आमटी केली तर ती उपवास नसलेल्यालाही पोटभर होते. रताळी उकडणे, दाणे भाजून कूट करणे, साबुदाणा धुऊन झाकून ठेवणे ही कामे यजमानांची आणि मुलीची. मुलांना उपवास घडवू नका. 7 वर्षांच्या मुलाला डब्यात नेहमीप्रमाणे पोळी द्या. त्याने स्वतःहून ‘मला पण उपवास’ म्हटले तर खिचडीही द्या आणि दुपारी भूक लागली म्हणून बिस्किट खाल्ले तर त्याची चर्चा करू नका. सासूबाईंना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर त्यांचा उपवास डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साबुदाणा आणि रताळे साखर वाढवतात, हे त्यांना धर्माविरुद्धचे बोलणे वाटू नये अशा बेताने सांगावे लागेल.

यजमानांविषयी आता. ‘मला ओढू नका’ असे म्हणणारा माणूस नास्तिक असतोच असे नाही. पुष्कळदा तो लहानपणी कधीतरी ओढला गेलेला असतो. त्यांना ओढू नका हेच खरे. फक्त दोन गोष्टी त्यांच्याकडून मागून घ्या: त्या दहा मिनिटांत टीव्ही लावायचा नाही, आणि मुलांसमोर त्याची थट्टा करायची नाही. याच्या बदल्यात तुम्हीही एक पथ्य पाळा, ते न बसल्याबद्दल चेहऱ्यावरून, सुस्काऱ्यातून किंवा मुलांकरवी टोमणा मारायचा नाही. मी कीर्तनात तुकोबांची गोष्ट सांगताना जिजाईंवर नेहमी थांबतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात रमलेले असत आणि जिजाई भाकरी घेऊन ऊन्हातान्हात तो डोंगर चढत, अशी आपली परंपरा सांगते. तिला कजाग म्हणून हसण्याची रीत जुन्या कीर्तनकारांनी पाडली, मीही तरुणपणी हशा मिळवण्यासाठी ते केले आणि आता मला त्याची लाज वाटते. एकाच्या भक्तीची किंमत घरातले दुसरे माणूस मोजत असते. तुमच्या घरी ते माणूस यजमान असतील किंवा तुम्ही असाल, पण तो हिशेब दोघांनी मिळून बघितलेला बरा.

मुलीच्या प्रश्नावर अनेक पालक घाबरतात. 12 वर्षांची मुलगी ‘हे खरे आहे का?’ असे विचारते याचा अर्थ ती विषय सोडून गेलेली नाही, ती त्यात आहे. तिला उत्तर देताना सरमिसळ करू नका. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, लिहून झाली हा तिच्यातच आलेला उल्लेख आहे, तो इतिहास म्हणून सांगा. योगी चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानदेव व त्यांची भावंडे भिंत चालवत सामोरी गेली, ही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कथा आहे, ती कथा म्हणून सांगा. ‘भिंत कशी चालेल?’ असे तिने म्हटले तर तिला गप्प करू नका. चांगदेवांची ऐट उतरवणारी ही गोष्ट लोकांना इतकी का आवडली असेल, असे तिलाच विचारा. ज्या घरात भिंत चाललीच असे मानण्याची सक्ती असते त्या घरातली मुले पंधराव्या वर्षी भिंतीबरोबर ज्ञानेश्वरीही टाकून देतात.

गोष्टी निवडतानाही तारतम्य हवे. नामदेवांच्या हातचा नैवेद्य, एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलेले गंगाजल, जनाबाईबरोबर जाते ओढणारा विठ्ठल, या 7 वर्षांच्या मुलाच्या गोष्टी. रुसून ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून बसलेल्या ज्ञानदेवाची धाकट्या मुक्ताबाईने घातलेली समजूत ही 12 वर्षांच्या मुलीची गोष्ट, कारण धाकटी बहीण थोरल्याला शहाणपण सांगते आणि तो ऐकतो. सावता माळ्यांची गोष्ट कधीही सांगा. मळा सोडून न जाताही देव भेटतो हे अरणच्या त्या माणसाने दाखवले, आणि नोकरी करणाऱ्या आईबापांना ती मुलांपेक्षा अधिक उपयोगी पडते. गोरोबांची, चिखलात तुडवलेल्या बाळाची गोष्ट मात्र लहान मुलांना सांगू नका. मी एका वर्गात ती सांगितली आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई आली. तो रात्रभर वडिलांजवळ झोपायला तयार नव्हता.

चोखोबांविषयी मुलीशी मोकळेपणाने बोला. विठ्ठलाचे एवढे भक्त, पण त्यांना देवळात प्रवेश नव्हता; त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. दलितांना पंढरपूरच्या मंदिरात जाता यावे म्हणून साने गुरुजींना 1 मे 1947 पासून दहा दिवस उपोषण करावे लागले. हे सांगितल्याने मुलांची श्रद्धा ढळेल, अशी भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. माझा अनुभव उलटा आहे. जे शाळेतल्या पुस्तकात किंवा मैत्रिणीकडून कळणारच आहे ते घरात आधी कळले तर मुले घरावर विश्वास ठेवतात. एकमेकांच्या पाया पडण्याचा नेम धरणाऱ्या घराने तर हे बोललेच पाहिजे.

आता माझ्या घराचे. माझा थोरला मुलगा 14 वर्षांचा असताना गावातल्या मैदानावर त्यांचा क्रिकेटचा अंतिम सामना होता. हरिपाठाची वेळ झाली, तो आला नाही, आणि मी तडक मैदानावर जाऊन सगळ्या मित्रांसमोर त्याला दंडाला धरून घरी आणले. तो बसला, सगळे 27 अभंग बरोबर म्हणाला, पायाही पडला. माझी छाती फुगली. पुढे तो शिक्षणासाठी बाहेर गेला आणि त्यानंतर नऊ वर्षे त्याने टाळाला हात लावला नाही. आज तो वारीत येतो, आमच्या दिंडीच्या तंबूंचे दिवे आणि जनरेटर तोच बघतो, रात्री शेवटचा वारकरी झोपल्यावर झोपतो. पण भजनाला बसत नाही. मी त्याला बस म्हणत नाही. त्या संध्याकाळी मी ‘आज एकच अभंग म्हण आणि पळ’ असे म्हणालो असतो तर काय झाले असते, हे मी अजून मनाशी घोळवतो. कमी करण्याची मुभा आधीच ठेवा असे मी वर लिहिले, ते या किमतीला शिकलेले आहे.

माळेच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळेच मी सावधपणे देतो. तुळशीची 108 मण्यांची माळ गळ्यात घालणे म्हणजे मांस आणि दारू वर्ज्य करणे, एकादशी धरणे, नित्य हरिपाठ म्हणणे आणि पंढरीची वारी करणे या गोष्टींचा शब्द देणे. आमच्याकडे अनेक घरांत अगदी लहान मुलांनाही माळ घालतात आणि त्यांतली पुष्कळ मुले ती निष्ठेने सांभाळतात, हे मी नाकारत नाही. तरीही माझे मत असे, की ज्याला शब्द म्हणजे काय ते कळत नाही त्याच्याकडून शब्द घेऊ नये. मुलाने स्वतः मागितली, आपण ‘वर्षभराने बघू’ म्हटले आणि वर्षाने त्याने पुन्हा मागितली, तर घालावी. तुमच्या घरी मांसाहार होतो की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. होत असेल तर प्रश्न आधी तुम्हा दोघांचा आहे; आईबापाच्या ताटात एक आणि मुलाच्या गळ्यात दुसरे, ही स्थिती मुलावर अन्याय करणारी आहे. आजोबांची डबीतली माळ मुलांना घालण्यासाठी राखून ठेवू नका, ती नुसती दाखवा, हातात घेऊ द्या, मणी मोजू द्या.

वारीचे म्हणाल तर पूर्ण वारीचा विचार आत्ता नको. पालखी पुण्यात येते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून दर्शन घेणे ठीक, पण त्यात चालणे घडत नाही, आणि दिवे घाटाचा टप्पा लहान मुलांना फार लांब पडतो. त्यापेक्षा लोणंद ते तरडगाव हा टप्पा धरा. तो पालखी मार्गावरच्या लहान टप्प्यांपैकी आहे, साधारण आठ किलोमीटरचा, आणि वाटेत चांदोबाचा लिंब येथे माउलींच्या अश्वांचे पहिले उभे रिंगण होते, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावतात. गाडी घेऊन येऊ नका, रस्ते बंद असतात. पुण्याहून लोणंदला रेल्वेने येता येते. ओळखीच्या दिंडीच्या प्रमुखांना आधी विचारा, म्हणजे मुले कोणाच्या तरी रांगेत सुरक्षित चालतील. पायात रोजच्या वापरातली चप्पल, डोक्याला टोपी, प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. मुलांना विसावा घ्यायचा असेल तिथे घ्या. तिकिटे काढणे, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सांभाळणे हे काम यजमानांना द्या; ‘ओढू नका’ म्हणणारी माणसे या कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. रिंगणानंतर बाया फुगड्या घालतात, त्यात तुमची मुलगी उतरली तर तुम्हीही उतरा.

सुरुवात करायला आषाढीची वाट पाहू नका, येत्या एकादशीच्या आधीचा रविवार पुरे आहे. त्या दिवशी माळ्यावरचे टाळ खाली काढा. चिंचेच्या कोळाने घासा, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसा, नाहीतर डाग धरतील. जुना दोर मात्र तसाच ठेवू नका. इतक्या वर्षांनी तो आतून कुजलेला असतो आणि वाजवता वाजवता तुटून टाळ मुलाच्या पायावर पडतो. भोकातून नवा, चांगला पिळाचा सुती दोर ओवा, टाळाच्या आतल्या बाजूला गाठ पक्की बसवा आणि टोकाला मुलाच्या बोटांच्या मापाची मूठ ठेवा. गाठ कशी मारायची ते सासूबाईंना विचारा. आजोबांना दोर ओवताना त्यांनी पाहिलेले असणार.